निवृत्तीनंतर सोलापूर की पुणे : घर विकण्याआधी मांडलेला हिशेब

पुढच्या वर्षी ३१ मे रोजी मी बँकेतून वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त होईन आणि त्याच दिवशी माझी पत्नी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून निवृत्त होईल. दोघांचे निरोपसमारंभ एकाच संध्याकाळी असले तर कोणी कोणाच्या समारंभाला जायचे, हा प्रश्न आमच्या घरात हसण्यावारी नेला जातो. पण त्यानंतर राहायचे कुठे, हा प्रश्न गेल्या दिवाळीपासून रोज रात्रीच्या जेवणाला आमच्याबरोबर बसतो. मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू पुण्यात वाकडला असतात. मुलाचे म्हणणे सरळ आहे: "बाबा, जुळे सोलापुरातलं घर विका आणि आमच्याच सोसायटीत टू बीएचके घ्या." ब्याऐंशी वर्षांची आई यावर काहीच बोलत नाही आणि तिचे न बोलणे हेही आम्हाला एक मतच वाटते.

आमच्यासारख्याच पेचात असलेली अनेक कुटुंबे सोलापुरात आहेत, म्हणून आम्ही घातलेला हिशेब इथे दोन्ही बाजूंनी मांडतो आहे. माझा कल लपवत नाही: निवृत्तीच्या पहिल्या वर्षी सोलापूरचे घर विकू नये, असे माझे मत झाले आहे. ते पुण्याविरुद्धचे मत मात्र नाही, हे पुढील मजकुरावरून लक्षात येईल.

पैशांची बाजू

आमच्या घराला आज पंचावन्न लाखांच्या आसपास किंमत सांगितली जाते. मुलाच्या सोसायटीतील त्याच आकाराची सदनिका नव्वद लाखांच्या खाली मिळत नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रो उपकरासह ७ टक्के पडते. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे केली तर १ टक्का सवलत मिळते. म्हणजे पत्नीच्या नावाने घेतले तरी ५ लाख ४० हजार रुपये शुल्क आणि ३० हजार रुपये नोंदणी फी. सोलापूरचे घर विकूनही सुमारे ४० लाख ७० हजार रुपये कमी पडतात आणि ते आमच्या उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्यनिर्वाह निधी व रजा-रोखीकरणाच्या रकमेतूनच जाणार. नोकरीच्या पस्तीस वर्षांत जमलेला पैसा भिंतींत अडकला की तो दरमहा काहीही देत नाही, हे बँकेच्या काउंटरवर बसून इतरांना सांगत आलो. स्वतःवर वेळ आल्यावर ते तितकेसे सहज पटत नाही.

तोच पैसा हाताशी राहिला तर काय होते, ते पाहू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. सध्याच्या ८.२ टक्के दराने ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार रुपये व्याज हाती येते. मुदत पाच वर्षांची असून ती वाढवता येते. माझ्या पत्नीसारख्या ५५ ते ६० या वयात निवृत्त होणाऱ्यांनाही निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, त्या रकमेच्या मर्यादेत, हे खाते उघडता येते. ही मुदत चुकवून साठीपर्यंत थांबलेल्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले. बँकेच्या पेन्शनमधील मूळ रक्कम निवृत्तीच्या दिवशी ठरते तीच राहते आणि वाढतो तो केवळ महागाई भत्ता. त्यामुळे या व्याजाला आम्हा बँकवाल्यांच्या दृष्टीने वेगळेच वजन आहे.

घर विकून येणाऱ्या नफ्यावरील कराचा मुद्दाही इथेच येतो. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे राहते घर घेतले तर त्या प्रमाणात करातून सूट मिळते आणि विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत घर ठरले नाही तर रक्कम भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते. मात्र नवे घर विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर असावे. "तुमचे पैसे घालू आणि माझ्या नावावर मोठा फ्लॅट घेऊ" हा प्रस्ताव कितीही प्रेमाने आला तरी त्यात करसवलत जाते आणि छपराचा हक्कही जातो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवण्याची तरतूद आहे. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी. आपल्याकडे मुलाशी असे लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी समजूत आहे. मला स्वतःलाही ते लिहून घेणे जमणार नाही. म्हणूनच मी मुलाच्या नावावर घर घेणार नाही, असे त्याला सांगून टाकले. त्याला वाईट वाटले नाही, सुनेला तर पटलेच.

मुलाच्या योजनेतील सर्वांत कच्चा दुवा पैशांचा नसून त्याच्या नोकरीचा आहे. गेल्या सहा वर्षांत त्याने तीन कंपन्या बदलल्या. उद्या तो बेंगळुरूला किंवा परदेशी गेला तर वाकडच्या अकराव्या मजल्यावर आम्ही तिघे कोणासाठी राहणार, याचे उत्तर त्याच्याकडे नाही आणि ते असावे अशी अपेक्षाही करता येत नाही.

आजारपण

पुण्याच्या बाजूने सर्वांत आधी मांडला जाणारा मुद्दा रुग्णालयांचा असतो, म्हणून तो नीट तपासणे आवश्यक आहे. सोलापूर हे आरोग्याच्या दृष्टीने आडगाव नव्हे. इथे १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी या भागांतील रुग्ण उपचारासाठी इथे येतात. २०१९ साली पहाटे पाच वाजता आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले, तेव्हा शेजारच्या मुलाने तिला दोन्ही हातांवर उचलून गाडीत ठेवले. वीस मिनिटांत आम्ही रुग्णालयात होतो आणि तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. पुढील अकरा दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. चार घरांतून डबे येत राहिले आणि कोणत्या दिवशी कोणाचा डबा, हे आम्हाला कोणी विचारलेही नाही.

याउलट मागच्या पावसाळ्यात वाकडला पत्नीला तीव्र ताप आला. रुग्णालय उत्तम होते, तपासण्या तत्परतेने झाल्या. परंतु संध्याकाळी सहा वाजता दोन किलोमीटर जायला चाळीस मिनिटे लागली आणि चौथ्या दिवशी मुलाची रजा संपली. एवढ्यावरून निकाल देणे मात्र अन्यायाचे ठरेल. माझ्या आतेभावाला यकृताचा गुंतागुंतीचा विकार जडला, तेव्हा त्याला सोलापूरहून रुग्णवाहिकेतून पुण्याला हलवावे लागले आणि पुढे वर्षभर दर तीन आठवड्यांनी त्याच्या दोन्ही मुलांची ये-जा चालू राहिली. आमचा निष्कर्ष असा, की अचानक येणाऱ्या आणि नेहमीच्या दुखण्यांसाठी सोलापूर सोयीचे आहे, तर दीर्घकाळ चालणाऱ्या आणि विशेषज्ञांची फळी लागणाऱ्या आजारासाठी पुणे.

खर्चाच्या दृष्टीने मात्र दोन्ही शहरांत फारसा फरक पडत नाही. बँकेच्या निवृत्तांच्या गट-विम्याचा हप्ता कुठेही राहिले तरी तेवढाच. सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंत मिळणारे संरक्षण योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत दोन्ही ठिकाणी चालते. आईचे कार्ड आम्ही काढून घेतले आहे.

शेजार, भाषा आणि आई

वर सांगितलेल्या डब्यांच्या आठवणीवर विसंबून सोलापूरच्या बाजूने कौल देण्याचा मोह होतो. परंतु आमच्या गल्लीतील बारा घरांपैकी सात घरांत आता केवळ म्हातारी माणसे उरली आहेत. ज्या मुलाने आईला उचलून नेले तो सध्या हैदराबादला नोकरी करतो. शेजाराच्या भरवशावर सोलापूर निवडणाऱ्याने तो शेजारही आपल्याबरोबरच वयस्क होतो आहे, हे ध्यानात ठेवावे. मला पाच वर्षांपूर्वी हा मुद्दा सुचला नसता.

आईची गोष्ट निराळी. तिचे माहेर अक्कलकोटच्या बाजूचे. समोरच्या काकूंशी ती कन्नडमध्ये बोलते, भाजीवालीशी मराठीत आणि टॉवेल विकायला येणाऱ्या पूर्व भागातील बाईंशी मोडक्यातोडक्या तेलुगूत. एका सकाळी तीन भाषांत भांडण करून आलेल्या माणसाला वाकडच्या लिफ्टमध्ये कोणाशीच काही बोलायचे नसते, हे समजावून सांगणे कठीण आहे. मागच्या मुक्कामात ती सतरा दिवस राहिली आणि त्यांतील दहा रात्री तिला नीट झोप लागली नाही. सोसायटीतील ज्येष्ठ नागरिक मंडळ मनापासून चालवलेले आहे, हे मान्य करतो. पण तिथे बसायला जाण्यासाठी आधी खाली उतरावे लागते आणि खाली उतरण्यासाठी कोणीतरी बरोबर लागते.

पाणी आणि ऊन

या दोन बाबतींत सोलापूर सपशेल हरते, त्यामुळे फार लिहीत नाही. उजनी धरण जिल्ह्यातच असूनही आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि पाण्याची वेळ गाठण्यासाठी कोणीतरी घरी असावेच लागते. पंधरा दिवसांच्या प्रवासाला निघताना हौद, पिंपे आणि गच्चीवरची टाकी यांची व्यवस्था लावावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि सकाळी दहानंतर साठी उलटलेल्या माणसाने बाहेर पडू नये अशी अवस्था होते. पुण्यातील सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात व त्यांचा खर्च देखभाल शुल्कात वाढतो, पण नळ कोरडा राहत नाही. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "रोज पाणी येतंय तर मग बायका एकमेकींना भेटत्यात कवा?"

प्रवास

बँकेत असताना एलएफसी, म्हणजे बँकेकडून मिळणारी सहलीच्या प्रवासखर्चाची सवलत, हा शब्द आमच्या घरात दिवाळीइतकाच महत्त्वाचा होता. १९९६ साली आई-वडिलांना घेऊन आम्ही पहिल्यांदा कन्याकुमारीला गेलो, तो जयंती जनता एक्सप्रेसने. सोलापुरात रात्री बसायचे आणि दीड दिवस गाडीत काढायचा. वाडी गेल्यावर चहाची चव बदलायची, गुंतकल गेल्यावर भाषा. बरोबर कडक भाकरीची थप्पी आणि शेंगा चटणीचा डबा होता. ही भाकरी कित्येक दिवस टिकते, त्यामुळे परतीच्या प्रवासातही तीच पुरली आणि वडिलांनी समुद्रकिनारी बसून चटणी-भाकरी खाल्ली. त्यानंतरच्या सर्व सहलींचा खर्च मी एका लाल वहीत लिहीत आलो. ती वही नुकतीच काढून पाहिली, तेव्हा लक्षात आले की आमच्या अकरा मोठ्या प्रवासांपैकी आठ दक्षिणेचे होते आणि त्यांतील एकासाठीही पुण्याला जावे लागले नव्हते.

निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने याला महत्त्व आहे, कारण निवृत्तीनंतर एलएफसी नसेल, परंतु वेळ असेल. सोलापूर हे मुंबई–चेन्नई मार्गावरील मोठे स्थानक आहे. बेंगळुरूसाठी उद्यान एक्सप्रेस आणि दिल्लीसाठी कर्नाटक एक्सप्रेस इथूनच मिळते. दिवसभरात जाऊन येण्यासारखी ठिकाणे तर चहूबाजूंना आहेत: अक्कलकोट आणि तुळजापूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, पंढरपूर सत्तरच्या पुढे, नळदुर्गाचा पाणीमहाल हैदराबादच्या रस्त्यावर आणि गोलघुमटाचे विजयपूर शंभर किलोमीटरच्या आसपास. भीमा-सीनेच्या संगमावरील हत्तरसंग कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. चाळीस वर्षे या जिल्ह्यात राहूनही आम्ही तो मागच्या वर्षी पहिल्यांदा पाहिला, हे कबूल करावेसे वाटते. पुण्याकडे विमानतळ आहे, कोकण आणि सह्याद्री जवळ आहे. काश्मीर, ईशान्य भारत किंवा परदेश ज्यांच्या यादीत वर आहे त्यांच्यासाठी पुणे निःसंशय सोयीचे. आमच्या गुडघ्यांना सिंहगड आता दुरूनच बरा दिसतो.

सवलतींबाबत गैरसमज नको. रेल्वेच्या तिकिटातील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. खालच्या बर्थचा कोटा मात्र पुरुषांना साठीनंतर आणि स्त्रियांना पंचेचाळीसनंतर मिळतो. एसटीत मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, तर पुरुषांना ते पासष्टीनंतर मिळते आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत होतो. म्हणजे पहिली पाच वर्षे तुळजापूरला जाताना माझे तिकीट सौभाग्यवतींच्या दुप्पट असणार आहे.

दोन शहरांमधील सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर पूर्वीइतके मोठे राहिलेले नाही, हेही या तुलनेत धरावे लागेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतने सकाळी निघून सुमारे तीन तासांत पुणे गाठता येते. तिचे तिकीट महाग वाटणाऱ्यांसाठी हुतात्मा एक्सप्रेस आहेच. (१२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या ज्या चार हुतात्म्यांना फाशी देण्यात आली, ती पुण्याच्या येरवडा तुरुंगात. या गाडीत बसल्यावर दर वेळी हे आठवते आणि डब्यात कोणालाच ते आठवत नसावे असे वाटून जाते.)

नातू

पुण्याच्या पारड्यातील खरे वजन नातवाचे आहे आणि त्याचा हिशेब रुपयांत होत नाही. तो दररोज वाढतो आणि आम्ही ते व्हिडिओ कॉलवर पाहतो. त्याच्या तोंडी "आजोबा" हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा मी बँकेत वर्षअखेरीच्या कामात होतो. असे असले तरी, कुटुंबात सहसा उघडपणे न बोलली जाणारी गोष्ट बोलून घेणे बरे: मुलगा-सून दोघेही नोकरी करतात आणि आम्ही जवळ राहायला गेलो की पाळणाघराचा प्रश्न आपोआप आमच्याकडे येणार. तेहतीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळलेली माझी पत्नी याबद्दल माझ्यापेक्षा स्पष्ट आहे. "अहो, नातू मला हवाच आहे, पण सकाळी साडेसातची ड्यूटी नको," हे तिने सुनेलाही सांगितले. सुनेने ते शांतपणे ऐकले आणि आठवड्यातून तीन दुपारी, असा तोडगा तिनेच सुचवला. हे बोलणे घर घेतल्यानंतर झाले असते तर त्याला वेगळा सूर लागला असता.

आम्ही काय ठरवले

वरील सर्व बाबी पाहता साठ ते सत्तर या दशकाची गरज आणि सत्तरीनंतरची गरज निराळी आहे, असे आमचे मत झाले. हात-पाय चालतात तोवर सोलापूर स्वस्त, ओळखीचे आणि प्रवासाला मोकळे आहे. पुढे दोघांपैकी एकच उरेल किंवा दीर्घ आजार मागे लागेल तेव्हा मुलाजवळ असणे भाग पडेल. परंतु त्या वेळी नव्या शहराची सवय करून घेणे सर्वांत अवघड असेल, म्हणून सवय आधी करावी आणि खरेदी नंतर.

यासाठी आम्ही निवृत्तीनंतरच्या जूनपासून अकरा महिन्यांच्या करारावर मुलाच्या सोसायटीजवळ सदनिका भाड्याने घेणार आहोत. आम्ही पाहिलेल्या घरांचे भाडे तीस हजारांच्या आसपास आहे. सोलापूरचे घर बारा हजारांना भाड्याने दिले तर दरमहा अठरा हजारांचा फरक, म्हणजे अकरा महिन्यांत १ लाख ९८ हजार रुपये; घर कुलूपबंद ठेवले तर पूर्ण ३ लाख ३० हजार. दोन्ही आकडे खरेदीच्या केवळ मुद्रांक व नोंदणीवर जाणाऱ्या ५ लाख ७० हजारांपेक्षा कमी आहेत. घेतलेले घर मनाला मानवले नाही तर शुल्काचे पैसे परत मिळत नाहीत. करार मात्र संपतो. ज्यांच्याकडे पेन्शन नाही त्यांनी हा खर्चही विचारपूर्वक करावा. त्यांच्यासाठी मुलाच्याच घरी दोन-दोन महिन्यांचे तीन मुक्काम करून पाहणे अधिक व्यवहार्य ठरेल.

आईने शेवटी दोन अटी घातल्या. घर भाड्याने दिले तरी देवघराची खोली द्यायची नाही आणि संक्रांतीच्या आत तिला परत आणायचे, कारण सिद्धेश्वराचा अक्षता सोहळा तिने लग्न होऊन आल्यापासून चुकवलेला नाही. पहिल्या अटीमुळे भाडेकरू मिळणे अवघड होणार, त्यामुळे बहुधा घर कुलूपबंदच राहील आणि मोठा आकडाच खरा धरावा लागेल. जानेवारीतील तो पंधरवडा आम्ही सगळेच सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला येऊ, असे मुलाने कबूल केले आहे.

त्या अकरा महिन्यांसाठी लाल वहीची दोन पाने आखून झाली आहेत. एका बाजूला सोलापूर, दुसऱ्या बाजूला पुणे. खाली भाडे, वीज, औषधे, रिक्षा, पाहुणे, प्रवास असे रकाने. 'आईची झोप' हा शेवटचा रकाना पत्नीने तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात वाढवला आहे.